सांध्यांचा आजार आणि हृदयाची लय : प्रस्तावना

आमवाताच्या (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या) जुन्या रुग्णाची फाईल जाड असते. ईएसआर आणि सीआरपीचे रिपोर्ट, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, दोन्ही पंजांचे एक्स-रे, मेथोट्रेक्सेट चालू आहे म्हणून ठरावीक महिन्यांनी केलेली लिव्हरची तपासणी, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी. या सगळ्या कागदांत ईसीजी बहुधा नसतो. असलाच तर मोतीबिंदूच्या किंवा गुडघ्याच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांनी मागितला म्हणून काढलेला, आणि ऑपरेशन पार पडल्यावर कोणी पुन्हा न पाहिलेला. ही पुस्तिका त्या कागदाबद्दल आहे. आमवाताच्या माणसाच्या हृदयाची लय बिघडते तेव्हा त्यात आजाराचा स्वतःचा हात असतो, थोडा त्याच्या औषधांचाही असतो. म्हणून तिची चौकशी सांधे तपासणाऱ्याच खोलीत झाली पाहिजे, एवढे या पुस्तिकेचे म्हणणे आहे.

पुस्तिका मराठीत आहे याचे कारण साधे आहे. वडोदऱ्याच्या वाडीत, रंगमहाल आणि भाटवाड्याच्या गल्ल्यांतून, गायकवाडीपासून राहत आलेल्या मराठी घरांतली वडीलधारी माणसे भाजीबाजारात आणि दवाखान्यात गुजराती बोलतात, पण निवांत वाचायला बसली की मराठीच हातात घेतात. औषधाच्या खोक्यातली घडी केलेली चिठ्ठी मात्र इंग्रजीत, तीही मुंगीच्या अक्षरांत. १९०९ साली बडोद्यात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कान्होबा रणछोडदास कीर्तिकर पेशाने डॉक्टर होते आणि भारतीय औषधी वनस्पतींवरच्या मोठ्या ग्रंथाचे एक कर्तेही. तेव्हा या शहरात वैद्यकावर मराठीत लिहायला आणखी समर्थन लागू नये.

याच शहरात प्रोफेसर माणिकरावांचा आखाडा आहे. निखळलेला खांदा, मुरगळलेला घोटा, सरकलेले हाड बसवून देण्याच्या त्या परंपरेवर इथल्या माणसाचा विश्वास आहे, आणि तो उगाच नाही. पण त्या विश्वासाबरोबर एक समजही घरात येऊन बसला आहे : सांधा म्हणजे बिजागरी, ती अडली की तेल घालायचे, ओढायची, शेकायची. मुरगळीला हे चालते, उतारवयात झिजलेल्या गुडघ्यालाही थोडेफार चालते. आमवाताला ते लागू पडत नाही, कारण आमवात सांध्यात दिसतो पण सांध्याचा नसतो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अस्तरांवर उलटते. तिने सोडलेली इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफसारखी दाहद्रव्ये रक्तातून सगळीकडे फिरतात. बोटांच्या पेरांवरची सूज डोळ्यांना दिसते. रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर, हृदयाच्या आवरणावर आणि स्नायूवर त्याच द्रव्यांचे जे काम चालते ते दिसत नाही. हा आजार दुर्मीळ आहे असेही नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ साली घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. तीत प्रौढांमध्ये आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का, म्हणजे दोनशेंत एक, इतके निघाले. वाडीसारख्या दाट वस्तीत हा हिशेब मांडला तर दोन-चार गल्ल्यांमागे एक तरी रुग्ण असणार.

इथे एक जुना गोंधळ आधी दूर करायला हवा. सांधे आणि हृदय असे दोन शब्द एका वाक्यात आले की बहुतेकांना, अनेक डॉक्टरांनाही, आठवतो तो ऱ्हुमॅटिक फीवर. तो लहानपणीचा आजार. घसा येतो, दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, सूज उतरते, आणि हृदयाची झडप कायमची अधू होऊन बसते. पुढे तिशी-चाळिशीत त्याच झडपेपायी ठोके बिघडतात. आपल्याकडे या आजाराने इतकी तरुण माणसे नेली की सांध्यांशी नाते असलेल्या हृदयविकाराची सगळी काळजी त्याच्याच वाट्याला गेली. आमवात वेगळा. तो सांधे कायमचे वाकडे करतो आणि हृदयाला वरवर पाहता सोडून देतो. स्टेथोस्कोपने ऐकले तर झडपेची कुरकुर नाही, म्हणजे हृदय ठीक, असा निष्कर्ष पिढ्यानपिढ्या निघत राहिला. गंमत अशी की माधवनिदान या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात आमवात बळावल्यावरच्या लक्षणांमध्ये हृद्ग्रह, म्हणजे छाती धरल्यासारखे होणे, हाही मोजला आहे. त्यावरून प्राचीनांना सगळे ठाऊक होते असा जयघोष करण्यात अर्थ नाही. त्या वर्णनात आजचे दोन्ही आजार मिसळलेले असण्याचाच संभव जास्त. पण सांधे आणि छाती एकाच यादीत लिहिण्याला हजार वर्षे उलटून गेली आहेत, आणि आपल्या फायलींत ती अजून वेगवेगळ्या विभागांत राहतात, हे खरे.

आता पुरावा. लय बिघडण्याचा सर्वांत नेहमीचा प्रकार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे दोन कप्पे एकदिलाने आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरत राहतात, आणि खालच्या कप्प्यांना मिळणारे इशारे अनियमित होतात. जीव लगेच जात नाही. धोका वेगळाच असतो : थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळते, गुठळी होते, ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. असे फिब्रिलेशन असलेल्याला पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो, हे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या दीर्घ अभ्यासाने फार पूर्वी दाखवले. डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाची वैद्यकीय नोंद एका क्रमांकाने जोडलेली असते. तिथल्या चाळीस लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आमवाताचे अठरा हजारांवर रुग्ण होते. त्यांच्यात फिब्रिलेशनचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे चाळीस टक्क्यांनी जास्त निघाले, पक्षाघाताचे सुमारे तीस टक्क्यांनी. दुसरा पुरावा अधिक अस्वस्थ करणारा आहे. अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावच्या आमवाताच्या ६०३ रुग्णांची तुलना मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी त्याच वयाच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांशी केली. २००५ साली छापलेल्या त्या अभ्यासात आमवाताच्या रुग्णांमध्ये अचानक हृदय थांबून मृत्यू येण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते, नकळत येऊन गेलेल्या हृदयविकाराच्या झटक्यांचेही तसेच. आणि छातीत दुखते अशी तक्रार मात्र त्यांनी इतरांपेक्षा कमी केली होती. ज्यांना धोका जास्त त्यांचीच तक्रार कमी, ही या विषयातली खरी अडचण आहे, तिच्याकडे पुढे परत यायचे आहे.

चाळीस टक्के हा आकडा ऐकून घाबरण्याआधी तो उलगडून पाहावा. डेन्मार्कच्या हिशेबात हजार माणसांमागे वर्षाला सहा नव्या रुग्णांऐवजी आठांहून थोडे जास्त, म्हणजे हजारात दोनाच्या आसपास वाढ. एका वर्षाच्या मापाने हे काहीच नाही असे कोणी म्हटले तर ते चूक नाही. पण आमवात चाळिशीच्या आसपास येतो आणि मग मुक्कामच ठोकतो. वर्षाला दोन असे वीस-तीस वर्षांचे मोजले की वाढ नजरेआड करता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०१४ साली अमेरिकेतल्या विमा-नोंदींवरच्या एका मोठ्या अभ्यासात असेच चाळीस टक्के आधी दिसले, पण रुग्णांचे इतर आजार, औषधे आणि दवाखान्याच्या फेऱ्या हिशेबात धरल्यावर ते दहा टक्क्यांवर आले, आणि तेही योगायोगाच्या कक्षेत. मग आमवाताचा दोष काय उरला? माझे उत्तर असे : ‘इतर आजार’ म्हणून जे वजा केले त्यांतले बरेचसे आमवातानेच आणलेले असतात. दाहामुळे रक्तवाहिन्या लवकर कडक होतात, हृदयाचा स्नायू ताठरतो, हालचाल कमी झाल्याने वजन आणि रक्तदाब वाढतात, स्टिरॉइडने साखर चढते. हे सगळे वजा करून उरलेल्याला ‘आमवाताचा शुद्ध परिणाम’ म्हणणे संशोधनाच्या दृष्टीने उपयोगी असेल, पण समोर बसलेल्या बाईंच्या वाट्याला आलेला धोका वजाबाकीआधीचाच असतो. त्यांना फिब्रिलेशन थेट झाले की रक्तदाबाच्या वाटेने झाले, गुठळीला त्याचे सोयरसुतक नसते.

तरीही थेट वाट आहेच, असे मानायला आधार आहे. ईसीजीच्या कागदावर एका ठोक्यातली विजेची चढण सुरू झाल्यापासून हृदय पुन्हा तयार होईपर्यंतचा वेळ मोजता येतो. त्याला क्यूटी म्हणतात. कागदावरची एक बारीक चौकट म्हणजे ४० मिलिसेकंद. ठोक्यांच्या गतीनुसार दुरुस्त केलेला हा वेळ बायकांत ४६०च्या पुढे गेला तर लांबलेला समजतात, ५००च्या पुढे गेला तर गंभीर. कारण तयारी लांबली की मधल्या कच्च्या क्षणी एखादा आगंतुक ठोका पडून लय पार उधळू शकते. २०१४ साली आमवाताच्या रुग्णांच्या एका अभ्यासात क्यूटी ५० मिलिसेकंदांनी जास्त असलेल्यांत मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट आढळला, आणि त्यात दाह किती आहे ते दाखवणारा सीआरपी मिळवल्यावर तो संबंध फिका पडला. म्हणजे लांबलेल्या क्यूटीमागे दाहच असावा. इटलीतल्या सिएना इथल्या संशोधकांनी इंटरल्युकिन-६ला अडवणारे टोसिलिझुमॅब दिल्यावर क्यूटी आखूड होताना पाहिला. तो अभ्यास सतराच रुग्णांचा, त्यावर इमले बांधू नयेत. पण दिशा एकच दिसते. आमवाताच्या रुग्णांत दोन-तृतीयांशाहून अधिक बायका असतात, आणि बायकांचा क्यूटी मुळातच पुरुषांपेक्षा लांब असतो, हेही लक्षात ठेवलेले बरे. हृदयातल्या वाहक तंतूंमध्ये आमवाताची गाठ होऊन ठोकाच अडण्याचा प्रकारही पुस्तकांत आहे. तो विरळा, त्याचे वर्णन आत एका पानात उरकले आहे.

औषधांची बाजू जास्त नाजूक, कारण इथे वाचक अर्धे वाचून गोळी बंद करण्याची भीती असते. स्टिरॉइड घेऊ. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात प्रेडनिसोलोनच्या हिशेबात दिवसाला साडेसात मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेणाऱ्यांत नव्याने फिब्रिलेशन होण्याचा संबंध ठळक होता, कमी मात्रेत तो सिद्ध झाला नाही. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या नव्याने सुरू करणाऱ्यांतही हा धोका चाळीस ते सत्तर टक्क्यांनी वाढलेला डेन्मार्कच्या २०११च्या अभ्यासात दिसला. आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, मूळची मलेरियाची गोळी. २०२० साली करोनाच्या दिवसांत ती अचानक देशभर गाजली, दुकानांतून नाहीशी झाली, आणि मग ‘ती हृदय बंद पाडते’ अशी उलटी हाकाटी झाली. आमवाताचे रुग्ण दोन्ही वेळा भरडले गेले : आधी गोळी मिळेना, मिळाली तेव्हा घ्यायची हिंमत होईना. त्याच वर्षी सहा देशांच्या नोंदींमधून ही गोळी घेणाऱ्या साडेनऊ लाख आमवातरुग्णांचा अभ्यास झाला. नुसती गोळी घेणाऱ्यांत पहिल्या महिन्यात, सल्फासलाझिन घेणाऱ्यांच्या तुलनेत, हृदयाचा धोका वाढलेला नव्हता. जोडीला अॅझिथ्रोमायसिन दिले की हृदयविकाराने होणारे मृत्यू, अॅमॉक्सिसिलिन दिलेल्यांच्या तुलनेत, दुपटीच्या आसपास गेले होते. आता अॅझिथ्रोमायसिन म्हणजे काही परग्रहावरचे औषध नव्हे. बडोद्याच्या अलेम्बिकचे अॅझिथ्रल नाव या शहरात कोणाला सांगावे लागत नाही, आणि घसा धरला की दुकानातून तीन दिवसांचा कोर्स मागून घेण्याची सवय वाडीत आहे तशी सगळ्या देशात आहे. औषध चांगले आहे. चूक ते आमवाताच्या माणसाने आपल्या चालू गोळ्या न सांगता घेण्यात आहे. त्यातून जुलाब लागलेले असतील, लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, पोटॅशियम उतरलेले असेल, तर अधिकच. तेव्हा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बंद करू नये. ते सुरू करताना एक ईसीजी काढून फाईलमध्ये लावावा, आणि दुसरे कोणतेही औषध आणताना दुकानदाराला त्याचे नाव सांगावे.

दाह आटोक्यात ठेवणारे औषध सोडणे हा लयीच्या दृष्टीनेही तोट्याचा सौदा ठरतो. अमेरिकेत विचिटा इथल्या १,२४० रुग्णांवरच्या २००२च्या अभ्यासात मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांत हृदयरोगाने होणारे मृत्यू सुमारे सत्तर टक्क्यांनी कमी होते. पुढे आमवात नसलेल्या हृदयरोग्यांना तेच औषध कमी मात्रेत देऊन पाहिले, तेव्हा काही फायदा झाला नाही. या दोन निकालांत विरोध आहे असे पुष्कळांना वाटले. मला वाटते, आग नसलेल्या घरात पाणी मारून काही विझत नाही, यापेक्षा त्यातून फारसे सिद्ध होत नाही; शिवाय पहिला अभ्यास निरीक्षणाचा होता, त्याचा सत्तरचा आकडा जसाच्या तसा धरू नये.

आता मघाच्या अडचणीकडे, म्हणजे धोका जास्त असूनही तक्रार कमी होण्याकडे. लय बिघडल्यावर माणसाला काय जाणवते? धडधड, दम लागणे, थकवा, डोके हलके होणे. यांतला थकवा आमवाताच्या रुग्णाला रोजचाच. धडधड झाली तर रक्त कमी असेल, स्टिरॉइडमुळे असेल, काळजी करतेस फार, नाहीतर गॅस. घरात कारणांना तोटा नसतो. दम लागायला आधी श्रम व्हावे लागतात. वाडीतल्या जुन्या घरांचे जिने अरुंद आणि उभे असतात. गुडघे आणि घोटे धरले की माणूस एकदा वर गेला की दिवसभर खाली उतरतच नाही. जिना चढताना दम लागतो का, हा हृदयाच्या डॉक्टरांचा लाडका प्रश्न त्यामुळे निकामी ठरतो. उत्तर खरेच ‘नाही’ असते, कारण जिना चढणेच थांबलेले असते. त्याऐवजी विचारावे : आंघोळीनंतर केस विंचरताना बसावे लागते का? बसल्या बसल्या, काहीच कारण नसताना, छातीत पाखरू फडफडल्यासारखे होते का? किती वेळ, आणि ते अचानक थांबते का?

आणि नाडी पाहावी. सांगायला सोपे, पण आमवाताने मनगटच आधी धरलेले असते. अंगठ्याच्या मुळाशी जिथे नाडी लागते तिथेच सूज असते, हात वळत नाही, दाबले तर दुखते. अशा वेळी हात उशीवर ठेवून, तीन बोटे अलगद टेकवून, सुजलेल्या भागाच्या थोडे वर कोपराकडे सरकून नाडी शोधावी. तिथेही लागली नाही तर कोपराच्या आतल्या बाजूला. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय इथे घातक आहे. पूर्ण मिनिट मोजावे आणि आकड्यापेक्षा अंतराकडे लक्ष द्यावे. एखादा ठोका मध्येच गळतो, पण बाकीचे ठेक्यात पडतात, तर ते बहुधा निरुपद्रवी. पुढचा ठोका कधी पडेल याचा अंदाजच बांधता येत नसेल, तर त्याच दिवशी ईसीजी. घरचे रक्तदाबाचे यंत्र अशा वेळी दर खेपेला निराळे आकडे दाखवते, आणि यंत्र बिघडले म्हणून बाजूला ठेवले जाते. तीही एक खूणच. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर वाकड्या, गारठलेल्या बोटांवर भरवशाचे नाही, आणि घड्याळातल्या ईसीजीला दुसऱ्या हाताचे बोट नीट टेकवून स्थिर धरावे लागते, जे इथे नेमके जमत नाही.

यावर जाणकार म्हणतील की लक्षणे नसताना लय शोधत बसण्याने भले होते हे सिद्ध कुठे झाले आहे? आक्षेप रास्त आहे. डेन्मार्कमध्येच सत्तरी ओलांडलेल्या सहा हजार लोकांपैकी काहींच्या छातीत कातडीखाली सतत नोंद ठेवणारे छोटे यंत्र बसवून पाहिले. २०२१च्या त्या निकालात फिब्रिलेशन जवळजवळ तिपटीने सापडले, पण पक्षाघात म्हणण्यासारखे कमी झाले नाहीत. यंत्राने शोधलेल्या काही मिनिटांच्या थरथरीला आणि बोटाला लागणाऱ्या बिघाडाला एकाच मापाने मोजू नये, हाच त्यातला धडा. म्हणून या पुस्तिकेत कोणत्याही यंत्राची शिफारस नाही. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत पासष्टीनंतर प्रत्येक भेटीच्या निमित्ताने नाडी पाहावी किंवा ईसीजी काढावा असे आहे. आमवातात ही सवय पासष्टीची वाट न पाहता लागावी, इतकीच मागणी. ती अवास्तव नाही. आमवातात हृदयाच्या धोक्याचा हिशेब दीडपट धरावा असे युरोपातली सांधेरोगतज्ज्ञांची संघटना दहा-पंधरा वर्षे सांगत आली आहे, आणि ब्रिटनमध्ये वापरतात त्या क्यूरिस्क-३ या गणितात आमवात, फिब्रिलेशन आणि स्टिरॉइड यांना स्वतंत्र चौकटी आहेत.

फिब्रिलेशन सापडल्यावर खरी कसोटी सुरू होते, आणि तिथे मात्र उत्तरे तयार नाहीत. रक्त पातळ करणारे औषध द्यायचे की नाही हे ज्या गुणपत्रकावरून ठरवतात त्यात वय, रक्तदाब, मधुमेह, हार्ट फेल्युअर, आधीचा पक्षाघात यांना गुण आहेत, आमवाताला नाही. पन्नाशीतल्या, रक्तदाब नसलेल्या, पण दहा वर्षे सांधे धुमसत असलेल्या बाईला त्यात जवळजवळ काहीच गुण मिळत नाहीत. औषध दिलेच, तर दुसरा पेच : तेच औषध आणि रोजची वेदनाशामक गोळी एकत्र पोटात गेली की जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका चांगलाच वाढतो, आणि दुखणे असह्य झाले की डायक्लोफेनॅकची गोळी कोणी कोणाला विचारून घेत नाही. पुस्तिकेतले सर्वांत मोठे प्रकरण म्हणूनच ना ईसीजीवर आहे ना आमवातावर. ते रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना दुखण्यावर काय घ्यायचे, किती दिवस, आणि शौचाला काळे झाले तर रात्रीसुद्धा सयाजी रुग्णालयात का जायचे, यावर आहे.